शंभर दाणे

आमच्या चांदवड तालुक्यात कांद्याच्या बियाला उळं म्हणतात. बाहेरच्या माणसाला हा शब्द लवकर कळत नाही, म्हणून आधीच सांगून ठेवतो. काळं, कोनं असलेलं, तिळासारखं बारीक बी. एका ग्रॅममध्ये अडीचशे-तीनशे दाणे बसतात. एकराला तीन-चार किलो लागतं. आधी वाफ्यात टाकायचं, पन्नास दिवसांनी रोप उपटायचं आणि मग बायका वाकून वाकून एकेक काडी लावतात. उळं टाकल्यापासून कांदा हातात येईपर्यंत सहा महिने जातात. म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात माणसानं कुणावर विश्वास ठेवला, ते एप्रिलमध्ये कळतं. तोवर खत गेलेलं असतं, औषध गेलेलं असतं, मजुरी गेलेली असते. विहिरीचं पाणी तर परत येतच नाही.

मला साडेतीन एकर रान आहे. १९७५ साली दहावी झालो. अकरावीची मॅट्रिक बंद होऊन दहावीची पहिली परीक्षा झाली, त्यातला मी. पुढं शिकायची सोय नव्हती, वडील आजारी, म्हणून नांगर धरला. तेव्हापासून एकही हिवाळा असा गेला नाही की आमच्या रानात कांदा नव्हता. पण हा लेख कांद्याचा नाही, उळ्याचा आहे. आणि खरं सांगायचं तर उळ्याचाही नाही, माझा आहे.

आमच्या घरात उळं धरायचं काम आईचं. वडिलांनी त्यात कधी हात घातला नाही. दिवाळीच्या आधी आई चाळीत शिरायची. उन्हाळ्यात भरलेला कांदा पाच-सहा महिने टिकून राहिलेला असायचा. त्यातनं ती गोट निवडायची. फार मोठा नको, गोल्टी नको. मध्यम, गोल, मान बारीक, रंग एकसारखा. ज्याला कोंब आला तो बाजूला. ज्याची मान जाड तो बाजूला. मग विळीवर प्रत्येकाचा वरचा तिसरा हिस्सा कापायची आणि आत बघायची. आत एकच डोळा पाहिजे. दोन डोळे दिसले की कांदा कालवणात. दोन डोळ्यांच्या कांद्यापासून पुढं जोड कांदे होतात आणि जोड कांद्याला बाजारात कुणी विचारत नाही. हे तिला कुणी शिकवलं होतं? तिच्या सासूनं. शाळेचं तोंड तिनं पाहिलेलं नव्हतं.

ते गोट विहिरीजवळच्या पाच गुंठ्यांत लावायचे. पुढं त्यांना नळीसारखे उंच दांडे यायचे. त्यांना आम्ही डेंगळे म्हणतो. डेंगळ्याच्या टोकाला पांढरा गोंडा, चेंडूएवढा. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो तुकडा सगळा पांढरा व्हायचा आणि माश्यांचा असा आवाज चालायचा की विहिरीवर बोललेलं ऐकू यायचं नाही. आग्या, फुलोरी, साध्या माश्या, सगळ्या. एप्रिल उजाडला की गोंड्यात काळे दाणे दिसायला लागायचे. आई पहाटेच जाऊन दवात गोंडे तोडायची, कारण ऊन चढलं की बी गळतं. सगळे एकदम पिकत नाहीत, म्हणून तीन-चार वेळा तोडणी. गोधडीवर वाळवायचे, काठीनं हलके झोडायचे, सुपानं पाखडायचं, आणि राख मिसळून मडक्यात.

वाफ्यात टाकायच्या आधी तिची एक शेवटची गोष्ट असायची. चिमूटभर उळं ओल्या फडक्यात बांधून चुलीच्या मागं ठेवायची. आठ-दहा दिवसांनी फडकं सोडून मोजायची. तिला विसाच्या पुढं मोजता येत नव्हतं, म्हणून पाच विसा. पाच विसांतले चार विसा उगवले की पदर खोचायची. तीन विसाच उगवले तर म्हणायची, "औंदा दाट टाकावं लागंल." आणि त्याहून कमी आले, तर ते मडकं कुणाला द्यायची नाही. कुणी दारात आलं तरी "औंदा उळं नाही" म्हणून सांगायची, मडकं भरलेलं असताना. वडील चिडायचे. ती म्हणायची, "उळं नि दूध शिळं झाल्यावर दुसऱ्याला देऊ नये."

ती उळं विकायची नाही. शेजारीपाजारी, सोयरेधायरे मापानं न्यायचे, पुढच्या वर्षी तेवढंच माप परत आणून द्यायचे. कुणाचं बुडालं तर बुडालं. देवळ्याकडं तिच्या बहिणीची लेक दिली होती, तिला तर ओटीतच उळं घातलं होतं. मला तेव्हा हे सगळं अडाणीपणाचं वाटायचं.

नव्वद सालाच्या आसपास आमच्याकडं पाकिटातलं बी आलं. मी ते आणलं. खोटं बोलणार नाही, चांगलं आलं. टोमॅटो, कोबी, मिरची यांत तर संकरित बियानं आमच्या भागाचं रूपच पालटलं. ज्या घरात ज्वारी-बाजरीशिवाय काही नव्हतं, त्या घरानं टोमॅटोवर विहीर बांधली. कांद्यातही पिंपळगाव बसवंतच्या संशोधन केंद्रानं काढलेला एन-२-४-१ हा उन्हाळ कांदा आमच्याकडं घरोघर गेला. टिकायला दणकट, रंगाला सरस. पुढं राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधनवाल्यांनी भीमा शक्ती, भीमा किरण असे वाण दिले. शास्त्रज्ञांनी आपलं काम केलं, यात शंका नाही. पण चांगला वाण निघणं वेगळं आणि तो आमच्यासारख्या साडेतीन एकरवाल्याच्या हातात वेळेवर, खात्रीचा, परवडेल अशा भावात पडणं वेगळं. सगळ्यांना पुरेल इतकं चांगलं बी मी तरी कुठल्या वर्षी पाहिलं नाही. मोठा बागायतदार आधी जाऊन घेऊन येतो. उरलेल्यात आम्ही.

तरीपण तेव्हा मी आईला म्हणालो, "आता हा पसारा बंद कर. पाकीट फोडलं की काम झालं." आईनं दोन वर्षं ऐकलं नाही, तिसऱ्या वर्षी मी विहिरीजवळच्या पाच गुंठ्यांत घास लावून टाकला. ती काही बोलली नाही. मडकं पालथं घालून ठेवलं.

१९९८ साल ज्यांना आठवतं त्यांना कांदा आठवतो. त्या दिवाळीला कांदा असा भडकला की दिल्ली-राजस्थानात निवडणुकांत सरकारं पडली आणि सगळ्यांनी कांद्यालाच दोष दिला. आमच्याकडं उलटं. जो तो म्हणाला, घाला कांदा. ज्यांनी कधी कांदा केला नव्हता त्यांनीही वाफे पाडले. आणि उळं संपलं. दुकानात पाकीट नाही. मी तीन गावं हिंडलो. शेवटी आठवडे बाजारात एकाकडं सुटं उळं मिळालं. गोणपाटावर ढीग मांडलेला, तराजूनं मोजून देत होता. म्हणाला, "घरचं हाय, भाऊ. डोळे झाकून न्या." मी डोळे झाकूनच नेलं.

रोप छान उगवलं. तिथंच फसलो. लावणीही छान झाली. फेब्रुवारीत रानात फिरताना बघतो तर इथं एक डेंगळा, तिथं एक डेंगळा. खायच्या कांद्याला डेंगळा आला म्हणजे तो कांदा गेला, आत लाकडासारखा दांडा होतो. मार्चपर्यंत निम्मं रान डेंगळ्यांनी भरलं. उरलेल्यात जोड कांदे, काही लाल, काही पांढरट. चार जातींचं बी एकात मिसळलेलं होतं. खरिपातलं बी उन्हाळ म्हणून गळ्यात मारलेलं होतं. वर बाजारही बसला होता, कारण सगळ्यांनीच कांदा घातला होता. व्यापाऱ्यानं ट्रॅक्टरवर चढून दोन कांदे दाबले आणि खादीचा भाव बोलला. भाडं वजा जाऊन हातात जे आलं, त्यात सोसायटीचं व्याजसुद्धा निघालं नाही.

तालुक्याला कृषीच्या कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं आणि तीन गोष्टी विचारल्या. पावती आहे का? पिशवी आहे का? लॉट नंबर काय? माझ्याकडं तिन्ही नव्हतं. साहेब म्हणाले, "मग मी पंचनामा कुणाविरुद्ध करू?" त्यांचं चुकलं नव्हतं. १९६६ चा बियाणे कायदा आहे, पण तो पिशवीवरच्या लेबलाला धरून चालतो. लेबलावर उगवण किती, शुद्धता किती, तपासणी कधी झाली, मुदत कधीपर्यंत, हे छापावं लागतं. गोणपाटावरच्या ढिगाला लेबल नसतं. म्हणून वाचणाऱ्या शेतकऱ्याला हात जोडून सांगतो, बी घेतलं की पावती घ्या, पिशवी खालच्या बाजूनं फोडा म्हणजे लेबल शाबूत राहतं, आणि मूठभर बी पिशवीत तसंच ठेवा. पीक घरात येईपर्यंत हे तिन्ही फेकू नका. मी हे शहाणपण एक हंगाम घालवून विकत घेतलंय.

त्या उन्हाळ्यात घरी हिशोब मांडला. एकरभर कांद्याच्या सगळ्या खर्चात बियाचा खर्च एखाद्या बोटाएवढा. पण बाकीचा सगळा खर्च त्या बोटावर उभा. खत चुकलं तर दोन पोती कमी निघतील. पाणी चुकलं तर कांदा बारीक राहील. बी चुकलं तर पुढं काहीही केलं तरी सुधारत नाही.

आई ओसरीवर बसलेली होती. मी मान खाली घालून तिला म्हटलं, "आपलं उळं कुठं मिळंल का आता?" ती उठली, लुगडं बदललं आणि मला म्हणाली, "देवळ्याची गाडी कितीला?" तिच्या बहिणीच्या लेकीकडं, जिला ओटीत उळं घातलं होतं, तिच्याकडं तो कांदा टिकून होता. वर्षाच्या वर्षाला तिनं गोट लावले होते. तिनं शेरभर उळं दिलं आणि माप परत घ्यायलाही तयार होईना. म्हणाली, "मावशी, तुमचंच तुम्हाला देतेय." जे आम्ही पाकिटाच्या नादी लागून घालवलं, ते आईनं पूर्वी दिलं होतं म्हणून परत मिळालं.

पुढं विहिरीजवळचा घास काढून मी परत डेंगळे लावायला लागलो. आई २००९ साली गेली. तोवर तिनं मला गोट निवडायला शिकवलं. मी पुस्तकातलंही थोडं मिळवलं. दुसऱ्याच्या डेंगळ्यांपासून आपले डेंगळे किमान अर्धा ते एक किलोमीटर लांब पाहिजेत, नाहीतर माशी इकडचं परागकण तिकडं नेते आणि भेसळ होते. फुलोऱ्यात असताना कीटकनाशक मारायचं नाही. आता तर माश्याच कमी झाल्यात. सगळीकडं फवारे, मोहोळं कुठं राहणार? काही जण भाड्यानं मधपेट्या आणून ठेवतात. ज्या आवाजानं बोलणं ऐकू यायचं नाही, तो आवाज आता दिवसाच्या हिशोबानं भाड्यानं मिळतो.

पाच गुंठ्यांत चांगल्या वर्षी पंचवीस-अठ्ठावीस किलो उळं निघायचं. तीन किलो मला लागायचं, बाकीचं मी विकायला लागलो. हो, विकायला. आईची मापाची रीत माझ्यानं चालली नाही. मुलांची शिक्षणं होती, आणि कांद्याचा भाव तर आज आहे उद्या नाही. कांद्यात दोन वर्षं मार खाल्ला की उळ्याचे पंधरा-वीस हजार घर तगवायचे. कायद्यानंही त्याला आडकाठी नाही. २००१ च्या वाणसंरक्षण व शेतकरी हक्क कायद्यात शेतकऱ्याला घरचं बी ठेवायचा, पेरायचा, बदलायचा आणि विकायचाही हक्क दिलेला आहे, फक्त संरक्षित वाणाचं बी कंपनीसारखं नाव-छाप लावून विकायचं नाही. मी साध्या पिशवीत द्यायचो. लोक लांबून यायचे. "तुमच्या आईचं उळं" म्हणून मागायचे. ते ऐकून मला बरं वाटायचं.

आता मूळ गोष्ट.

२०१९ साली अठ्ठावीस किलो उळं निघालं. त्या वर्षी पाऊस दिवाळीनंतरही थांबेना. रोपं सडली, भाव चढत होते. मी म्हटलं थांबू, अजून चढंल. थांबलो, आणि हंगाम निघून गेला. पाच किलो उळं डब्यात पडून राहिलं. कांद्याचं उळं आपल्या घरच्या हवेत वर्षभरातच जीव सोडायला लागतं, हे मला माहीत होतं. आईचं दुधाचं बोलणंही माहीत होतं. तरी डबा ठेवला.

२०२० साली मार्चमध्ये अवकाळी पाऊस झाला, डेंगळ्यांवर करपा पडला, आणि पाच गुंठ्यांत फक्त दहा किलो निघालं. बऱ्याच जणांचं तसंच झालं. त्यात सप्टेंबरात कांदा भडकला, सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली, आणि ऑक्टोबरच्या शेवटी तर कांद्याच्या बियाच्याही निर्यातीवर बंदी आली. म्हणजे बियाची टंचाई किती, हे दिल्लीलाही कळलं होतं. आमच्याकडं बाजारात उळं चार हजार रुपये किलोच्या पुढं गेलं. लोक रात्री फोन करायचे.

एका रात्री मी ओसरीवर ताडपत्री अंथरली. नव्या दहा किलोतलं तीन किलो आधी बाजूला काढलं, ते माझ्या रानासाठी. उरलेलं सात किलो ताडपत्रीवर ओतलं. मग डबा आणला आणि जुनं पाच किलो त्यावर ओतलं. हातानं मिसळलं. जुनं उळं आणि नवं उळं दिसायला सारखंच काळं. दिव्याखाली मलाच ओळखू येईना. आमची मंडळी दारात उभी होती. तिनं एवढंच विचारलं, "आपलं वेगळं काढलं का?" मी हो म्हटलं. ती आत गेली. तिनं मला अडवलं नाही, पण त्या प्रश्नात सगळं आलं होतं. आपलं वेगळं काढणाऱ्याला आपण काय करतोय हे माहीत असतं. पुढं कधीही मला "चुकून झालं" म्हणता येणार नव्हतं.

बारा किलो पाच जणांना दिलं, साडेतीन हजार रुपये किलोनं. बाजारापेक्षा कमी घेतलं, म्हणून लोकांनी वर आभार मानले.

त्या पाचांत माझ्या चुलतबहिणीचा मुलगा होता. सातपूरला कारखान्यात ठेकेदाराकडं कामाला होता. लॉकडाऊनमध्ये काम गेलं, बायको-पोरं घेऊन गावी आला. बापाची दीड एकर कोरडवाहू, शेजारच्या विहिरीचं पाणी वाट्यानं. पहिल्यांदाच कांदा करत होता. दोन बोकड विकून आला होता. साडेदहा हजार मोजून दिले आणि म्हणाला, "मामा, मला यातलं काही कळत नाही. तुमचं उळं म्हणजे मी डोळे झाकून नेतो."

बावीस वर्षांपूर्वी बाजारात ऐकलेले तेच शब्द. तेव्हा ते विकणारा म्हणाला होता, आता घेणारा म्हणाला. मी पैसे खिशात घातले.

संक्रांतीला तिळगूळ घेऊन बहिणीकडं गेलो. भाच्यानं हौसेनं रान दाखवलं. एकराऐवजी वीस गुंठ्यांतच कांदा होता. उरलेल्या वीस गुंठ्यांत उशिरा टाकलेला हरभरा, बोटभर उंचीचा. मी विचारायच्या आधीच तो म्हणाला, "रोप निम्मंच उगवलं, मामा. वाफे टाकले नि ऑक्टोबरचा तो पाऊस आला. तुमच्या उळ्यात खोट नव्हती, पावसानं घात केला. माझंच चुकलं असंल, पहिलीच वेळ ना." आणि बहीण मागनं म्हणाली, "मामाला चहा तरी पिऊ दे, लगेच गाऱ्हाणी नको सांगू."

मी चहा घेतला. बशी धरलेला हात थरथरत होता, थंडी आहे म्हटलं.

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मी उलटं भांडलो असतो, पावसावर ढकललं असतं. पण त्यानं आधीच पावसावर ढकलून मला मोकळं केलं होतं आणि वरून दोष स्वतःच्या अंगावर घेतला होता. घरी आल्यावर हिशोब केला. वीस गुंठ्यांत साठ क्विंटल तरी निघाला असता. त्या उन्हाळ्यात पुढं जो भाव आला, चौदाशेच्या आसपास, त्यानं चौऱ्याऐंशी हजार. खर्च वजा केला तरी एका घराचा वर्षाचा बाजार. आणि हा पाचांतला एक. मला त्या जुन्या पाच किलोचे मिळाले होते साडेसतरा हजार. गोणपाटावरच्या त्या माणसाला मी बावीस वर्षं शिव्या देत होतो. त्याच्याही घरात तेव्हा काहीतरी अडलं असेल, मुलीचं लग्न किंवा सोसायटीची नोटीस. हे मी त्याला माफ करायला म्हणत नाही. मला एवढंच दिसलं की बी विकणारा लबाड माणूस कुठून तरी लांबून येत नाही. टंचाई आली, भाव चढला, बघणारं कुणी नसलं, की तो आपल्याच ओसरीवर ताडपत्री अंथरतो.

मे महिन्यात नवं उळं निघालं. तीन किलो पिशवीत भरलं, साडेदहा हजार खिशात घातले आणि भाच्याकडं गेलो. बहीण बाहेर गेलेली बघून त्याला सगळं सांगितलं. ताडपत्री, डबा, आपलं वेगळं काढलेलं, सगळं. तो बराच वेळ दोरीचा पीळ उलगडत बसला. मग त्यानं पैसे घेतले, मोजले. उळंही घेतलं. "असू द्या मामा" असं काही म्हणाला नाही. मला वाटलं होतं म्हणेल. आईला सांगू नका, एवढंच म्हणाला.

ऑक्टोबरात त्याचा फोन आला, "मामा, या जरा." गेलो. त्यानं ओसरीवर वर्तमानपत्राचा कागद ओला करून ठेवलेला. माझ्यासमोर पिशवीतनं उळं काढलं आणि एकेक दाणा मोजून मांडला. दहाच्या दहा ओळी, शंभर दाणे. गुंडाळी केली, ओल्या गोणपाटात ठेवली. म्हणाला, "दहा दिवसांनी परत या." दहा दिवसांनी गेलो. चौऱ्याऐंशी उगवले होते. प्रमाणित बियाला सत्तरची अट असते, त्याच्या वर. तेव्हा कुठं त्यानं वाफ्यात हात घातला.

मला अपमान वाटला का? सुरुवातीला वाटला. परत येताना मोटारसायकलवर आई आठवली, चुलीमागचं फडकं सोडून पाच विसा मोजणारी. आमच्या घरची रीत माझ्या हातनं सुटली होती आणि ज्याला मी फसवलं त्यानं ती उचलली. डोळे झाकून नेतो म्हणणारा पोरगा आता डोळे उघडून घेतो, याचं वाईट वाटून काय करू?

तेव्हापासून मी पिशवीवर पेननं लिहून देतो. गोंडे कधी तोडले, शंभरात किती उगवले, कोणत्या तारखेला मोजले. खाली सही. दसऱ्याला आमच्या वस्तीवर उळं विकणारे आम्ही चार जण घेणाऱ्यांच्या समोर दाणे मोजतो. ज्याचे सत्तरच्या आत आले, त्यानं त्या वर्षी विकायचं नाही. गेल्या साली माझेच सहासष्ट आले. नऊ किलो घरात राहिलं. दाट टाकून माझ्या रानात वापरलं तेवढं वापरलं, बाकीचं उकिरड्यावर. भाव त्या वर्षीही बरा होता. मंडळी म्हणाली, "वेगळं काढायची कटकट नाही मग."

भाचा आता स्वतः पाच गुंठ्यांत डेंगळे लावतो. गोट निवडायला मला बोलावतो. मला मामा म्हणतो, चहा पाजतो, पण पूर्वीसारखा माझ्या शब्दावर विसंबत नाही. ते परत आलं नाही, आणि त्याला मी काही म्हणू शकत नाही.

राहिले चार जण. त्यांतल्या दोघांना मी पैसे परत दिले आणि खरं सांगितलं. एकानं चारचौघांत आईवरनं शिवी दिली. ती मी घेतली, घेण्यासारखीच होती. दुसरा म्हणाला, नाना, झालं गेलं सोडा. उरलेल्या दोघांना मी अजून सांगितलेलं नाही. चार वेळा त्यांच्या दारावरनं गेलो. एकदा तर एकाच्या ओसरीवर बसून पावसापाण्याचं बोलून उठून आलो.

दोघांच्याही घरात पोरं शिकलेली आहेत, पुस्तक वाचतील. दोघांचे मिळून चौदा हजार रुपये मी चाळीच्या फळीवर आईच्या त्या मडक्यात ठेवलेले आहेत. त्यांनी घरी यावं. नाही आले, तर हे छापून यायच्या आत मीच जाईन म्हणतो.